प्रश्न तुमचे : वाकणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये झाडांचा वाटा

लवचीक इलेक्ट्रॉनिक्समध्ये वनस्पतिजन्य पदार्थ कसे आणि कशासाठी वापरायचे, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही पत्रं प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांची आहेत, काही निव्वळ कुतूहलापोटी लिहिलेली. ज्या प्रश्नांत हात घालून करण्यासारखं काही आहे, त्यांना जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : ‘सेंद्रिय इलेक्ट्रॉनिक्स’ म्हटल्यावर ते झाडापानांपासूनच बनत असेल असं वाटतं. मग त्यात आणखी वनस्पतिजन्य पदार्थ कशाला?

इथला ‘सेंद्रिय’ हा शब्द रसायनशास्त्रातला आहे, शेतीतला नाही. कार्बनच्या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून असले, की योग्य प्रक्रियेनंतर अशी साखळी वीज वाहू शकते. हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी १९७७ मध्ये पॉलिॲसिटिलीनवर हे दाखवलं आणि २००० साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अशा पॉलिमरांचा कच्चा माल मात्र आजही प्रामुख्याने खनिज तेलातूनच येतो.

सेल्युलोज, स्टार्च, लिग्निन (लाकडातले तंतू एकत्र बांधून ठेवणारा पदार्थ) हे सगळे विद्युतरोधक आहेत. त्यांच्याकडून वीज वाहण्याची अपेक्षा धरली की निराशा ठरलेली. त्यांचं काम वेगळं असतं. वाहक थराला गुळगुळीत आधार द्यायचा, त्याला मऊ ठेवायचं, त्याच्या साखळ्यांना नीट मांडून घ्यायचं, त्याला विरघळवायचं आणि शेवटी झाकायचं. स्वीडनमध्ये २०२३ साली लाकडाचा ट्रान्झिस्टर झाला, त्यातही हीच विभागणी होती. बाल्साच्या लाकडातून लिग्निन काढून टाकलं आणि मोकळ्या झालेल्या नलिकांच्या भिंतींवर पेडॉट-पीएसएस हे वाहक पॉलिमर बसवलं. वीज पॉलिमरमधून गेली, वाट लाकडाने दिली. हा ट्रान्झिस्टर चालू-बंद व्हायला सेकंद घेतो, त्यामुळे संगणकाच्या कामाचा नाही. पण कुठल्या पदार्थाकडून काय मागायचं, हे त्यातून स्वच्छ समजतं.

प्रश्न : पेडॉट-पीएसएसच्या द्रावात ५ टक्के ग्लिसरीन घालून फिल्म केली. रोध खूपच खाली आला, पण फिल्म बोटाला चिकटते आणि सकाळ-संध्याकाळ वेगवेगळा रोध दाखवते. चुकतंय कुठे? (पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी)

एक आकडेमोड राहून गेली आहे. बाजारात मिळणाऱ्या जास्त वाहकतेच्या द्रावात घन भाग जेमतेम १ ते १.३ टक्के असतो. म्हणजे १० मिलि द्रावात पॉलिमर सुमारे ०.१२ ग्रॅम. तुम्ही त्यात अर्धा मिलि, म्हणजे सुमारे ०.६३ ग्रॅम ग्लिसरीन घातलंत. पाणी उडून गेल्यावर पॉलिमरच्या पाचपट वजनाचं ग्लिसरीन मागे उरतं. तुम्ही फिल्म ओतून केली असणार असा आमचा अंदाज आहे. कारण फिरत्या चकतीवर केलेल्या १०० नॅनोमीटरच्या थरातून ग्लिसरीन १२० ते १३० अंशांवर बऱ्यापैकी निघून जातं. ओतलेल्या १०-१५ मायक्रॉन जाडीच्या फिल्ममधून ते निघत नाही, कारण त्याचा उत्कलनबिंदू २९० अंश सेल्सिअस आहे. अडकलेलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. चिकटपणा त्याचाच, आणि दिवसभरात रोध बदलतो तोही हवेतल्या ओलाव्याबरोबर.

वाहकता कशामुळे वाढते, हे कळलं की प्रमाण ठरवणं सोपं जातं. या द्रावात पेडॉटचे वाहक कण पीएसएसच्या विद्युतरोधक वेष्टनात गुंडाळलेले असतात. ग्लिसरीन, सॉर्बिटॉल किंवा झायलिटॉलसारखे अनेक हायड्रॉक्सिल गट असलेले रेणू पेडॉट आणि पीएसएस यांच्यातलं विद्युत आकर्षण सैल करतात. पीएसएस थोडं बाजूला होतं, पेडॉटच्या गुंडाळलेल्या साखळ्या उलगडतात, एकमेकींना भिडतात. मूळ द्रावाच्या फिल्मची वाहकता सेंटिमीटरला १ सीमेन्सच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, ती अशा रीतीने काही शेपर्यंत जाते. हे काम फिल्म सुकताना आणि भाजताना होऊन जातं. नंतर उरलेलं ग्लिसरीन फक्त मऊपणा देतं, आणि त्यासाठी फार थोडं पुरतं.

आता कृती. द्राव फ्रिजमध्ये ठेवा, पण गोठू देऊ नका. गोठलेला द्राव वितळला तरी त्यात गुठळ्या राहतात. वापरण्याआधी तो खोलीच्या तापमानाला आणा आणि ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. चकतीवर थर द्यायचा असेल तर १० मिलि द्रावाला ०.५ मिलि ग्लिसरीन चालेल. तासभर ढवळा, मिनिटाला १,००० फेऱ्यांनी ६० सेकंद फिरवा आणि १२० अंशांवर १५ मिनिटं भाजा. ओतून फिल्म करायची असेल तर ग्लिसरीन ०.१ मिलिवर आणा, किंवा त्याऐवजी ०.०५ ते ०.१ ग्रॅम सॉर्बिटॉल घ्या. सॉर्बिटॉल ग्लुकोजपासून बनतं, खोलीच्या तापमानाला घन असतं आणि फिल्ममधून झिरपून वर येत नाही. ओलावा तेही धरतं, पण ग्लिसरीनपेक्षा कमी. ओतलेली फिल्म आधी ५० अंशांवर रात्रभर सुकवा आणि मगच १२० अंशांवर न्या. घाई केली की वरची साय आधी बसते आणि खाली बुडबुडे अडकतात.

मोजताना चांदीचे कण असलेल्या वाहक रंगाच्या दोन पट्ट्या अशा ओढा की त्यांच्यातलं अंतर आणि पट्टीची लांबी सारखी असेल. मधला तुकडा चौकोन झाला की मल्टिमीटरचं वाचन म्हणजेच चौकोनी रोध, त्यात थोडा स्पर्शरोध मिसळलेला. पडताळ्यासाठी एक आकडा जवळ ठेवा : वाहकता सेंटिमीटरला ५०० सीमेन्स आणि जाडी १०० नॅनोमीटर असेल तर उत्तर २०० ओहम यायला हवं. २,००० आलं तर भाजणं कमी पडलंय किंवा थर तुटक आहे.

जाता जाता एक गंमत. याच कामासाठी डायमिथाइल सल्फॉक्साइड सर्रास वापरतात. ते ‘रासायनिक’ आणि ग्लिसरीन ‘नैसर्गिक’ असा भेद अनेक पत्रांत दिसला. पण या सल्फॉक्साइडचा कच्चा माल लाकडाचा लगदा करताना सुटणाऱ्या गंधकयुक्त वायूतूनही मिळवला गेला आहे. बाटलीवरच्या नावावरून उगम कळत नाही.

प्रश्न : आधार म्हणून पीएलए घ्यावं, साधा कागद घ्यावा की नॅनोसेल्युलोजची फिल्म? प्लास्टिकच्या तुलनेत खरंच काही फायदा आहे का?

पीएलए हे प्लास्टिक मक्यातल्या किंवा उसातल्या साखरेपासून होतं आणि सहज मिळतं, पण ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं. वर सांगितलेला थर त्यावर १२० अंशांना भाजायला घ्याल, तर फिल्म आकसून बोळा होईल. ते वापरायचंच असेल तर ५० अंशांखाली निर्वातात बराच वेळ सुकवण्याची तयारी ठेवा आणि कमी वाहकतेवर समाधान माना.

साध्या कागदाची अडचण खडबडीतपणाची. त्यातला एकेक तंतू २० ते ४० मायक्रॉन जाड, आणि तुमचा वाहक थर ०.१ मायक्रॉन. डोंगरावर रंगाचा एक हात मारल्यासारखं होतं. खालचा इलेक्ट्रोड वरच्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. जाडसर छापील तारा, अँटेना, दाबाचे संवेदक एवढ्यांसाठी कागद उत्तम. पातळ थरांच्या ट्रान्झिस्टरसाठी किंवा सौरघटासाठी नाही.

नॅनोसेल्युलोजचा फायदा मात्र खरा आहे, आणि तो पर्यावरणापुरता नाही. टोकियो विद्यापीठात साइटो आणि इसोगाई यांनी २००६ मध्ये दाखवलं की टेम्पो नावाच्या उत्प्रेरकाने लगद्यातल्या तंतूंच्या पृष्ठभागावर ऋणभार आणला, की ते एकमेकांना दूर लोटतात आणि साध्या यांत्रिक घुसळणीने ३-४ नॅनोमीटरचे धागे सुटे होतात. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा ते इतके बारीक असतात की त्यांची फिल्म पारदर्शक दिसते. तापवल्यावर ती प्लास्टिकपेक्षा पुष्कळ कमी पसरते. पॉलिमरच्या फिल्म सर्वसाधारणपणे एका अंशाला दहा लाखांत ५० भाग किंवा त्याहून जास्त पसरतात, नॅनोसेल्युलोजची चांगली फिल्म १० च्या खाली राहते. एकावर एक चार थर छापायचे असतील आणि प्रत्येक वेळी भाजायचं असेल, तर खालची जमीन न हलणं याची किंमत छापणाऱ्यालाच कळते.

फिल्म करताना जाडीपासून मागे या. ३० मायक्रॉनची फिल्म हवी, घनता १.४ धरली, तर चौरस सेंटिमीटरला ४.२ मिलिग्रॅम सेल्युलोज लागतं. ९ सेंटिमीटर व्यासाच्या पॉलिस्टायरीनच्या बशीसाठी ०.२७ ग्रॅम, म्हणजे ०.२ टक्क्यांचं १३५ मिलि मिश्रण. ओतण्याआधी निर्वातात ठेवून हवा काढा. ही पायरी गाळू नका, कारण या पातळ वाटणाऱ्या मिश्रणातूनही बुडबुडे आपणहून वर येत नाहीत. मग ४० अंशांवर, बशीवर सच्छिद्र झाकण ठेवून, तीन-चार दिवस सुकू द्या. बशी पूर्ण समपातळीत हवी. कडा आधी सुकल्या की त्या मधला भाग ओढतात आणि फिल्मला सुरकुत्या पडतात. झाकणाचा उपयोग त्यासाठीच आहे. फिल्म जराशी ओली असतानाच सोडवून दोन टिपकागदांमध्ये दोन-तीन किलोच्या वजनाखाली सुकवली तर सपाट राहते. कडकडीत वाटली तर पुढच्या वेळी सेल्युलोजच्या वजनाच्या १० ते २० टक्के सॉर्बिटॉल मिसळा.

या फिल्मला उष्णतेची एक मर्यादा आहे. टेम्पोने प्रक्रिया केलेलं सेल्युलोज साध्या सेल्युलोजपेक्षा लवकर, २०० अंशांच्या आसपास विघटू लागतं. त्यावर पेडॉट-पीएसएस हा चांगलाच आम्ल द्राव असतो, पीएच १.५ ते २.५. आम्ल आणि उष्णता मिळून सेल्युलोजची साखळी तोडतात. जुन्या आम्लयुक्त कागदाची पानं पिवळी पडून तुटतात, तेच इथे मिनिटांत घडू शकतं. म्हणून १२० अंशांच्या वर जाऊ नका. शक्य असेल तर थोड्या अमोनियाने द्राव उदासीन करून घ्या. वाहकता किंचित उतरते, पण आधार टिकतो.

प्रश्न : नॅनोसेल्युलोजवर पाण्यातला द्राव पसरवला की फिल्म लगेच वळते, कडा वर येतात. उपाय?

एकाच बाजूने पाणी प्यायल्यावर ती बाजू फुगणारच. सर्वांत सोपा उपाय म्हणजे फिल्म चारही कडांनी काचेवर चिकटपट्टीने ताणून बसवायची आणि पूर्ण सुकेपर्यंत सोडायची नाही. दुसरा उपाय अस्तराचा. इथाइल सेल्युलोजचं इथाइल ॲसिटेटमधलं २ ते ३ टक्क्यांचं द्रावण आधी पसरवून सुकवलं, की पाण्याला आत शिरायला वेळ लागतो. इथाइल सेल्युलोज हेही झाडाचंच, फक्त पाण्याशी फटकून वागणारं. मग पाण्यातला द्राव त्यावर थेंबाथेंबाने गोळा होतो, म्हणून द्रावात ०.१ टक्का आयनविरहित (नॉन-आयनिक) पृष्ठसक्रियक, म्हणजे द्राव नीट पसरवणारा साबणासारखा पदार्थ, घालावा लागतो. पुष्कळ जण उलट वाट धरतात, थर अधिक जाड देऊन वळण ‘दाबायला’ बघतात. जास्त द्राव म्हणजे जास्त पाणी, आणि फिल्म अधिकच वळते.

प्रश्न : फिल्म किती वाकवली तर चालते, याचं काही गणित आहे का?

आहे, आणि ते पाठ असावं असं आहे. पातळ थरावर येणारा ताण म्हणजे आधाराची जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. १२५ मायक्रॉनची फिल्म ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली तर १.२५ टक्के, आणि ३० मायक्रॉनची वाकवली तर फक्त ०.३ टक्के. नेहमीच्या पडद्यांतला इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान चिरतो. वाहक पॉलिमर त्याहून बरंच जास्त सोसतो आणि सॉर्बिटॉलसारखा मृदुकारक त्याची सहनशक्ती आणखी वाढवतो. त्यामुळे महागडा ‘लवचीक’ पदार्थ शोधण्याआधी आधार निम्म्याने पातळ करून पाहा. वरून तेवढ्याच जाडीचं आणि तशाच कडकपणाचं आवरण दिलं, तर वाहक थर मध्यभागी येतो आणि तिथला ताण जवळपास शून्य होतो.

प्रश्न : कागद गिरणीतलं टाकाऊ लिग्निन पीएसएसऐवजी वापरता येईल का?

सगळं लिग्निन नाही, लिग्नोसल्फोनेट. सल्फाइट पद्धतीच्या लगद्यात लिग्निनला सल्फोनेट गट जोडले जातात, त्यामुळे ते पाण्यात विरघळतं आणि पीएसएससारखाच ऋणभार वाहतं. वाढणाऱ्या पेडॉटच्या साखळीला तो भार लागतोच. क्राफ्ट पद्धतीच्या लिग्निनला हे गट नसतात, ते अल्कलीतच विरघळतं. पिशवीवर नुसतं ‘लिग्निन’ लिहिलेलं असेल तर पाण्यात घालून पाहा, लगेच कळेल.

१ ग्रॅम ईडॉट मोनोमरला (पेडॉटची साखळी ज्याची बनते तो सुटा रेणू) १ ते २.५ ग्रॅम लिग्नोसल्फोनेट पाण्यात घ्या आणि नायट्रोजन सोडून हवा काढा. मग सुमारे २ ग्रॅम सोडियम परसल्फेट आणि चिमूटभर फेरिक सल्फेट घालून खोलीच्या तापमानाला २४ तास ढवळा. परसल्फेटचा आकडा हवेतून आलेला नाही. साखळीत जोडलं जाताना प्रत्येक मोनोमर दोन इलेक्ट्रॉन देतो आणि साखळी भारित होताना आणखी सुमारे एक-तृतीयांश. परसल्फेटचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून मोनोमरच्या एका मोलला ते १.१७ मोल लागतं. त्याहून बरंच जास्त घातलं तर तयार साखळीच जळते, दुहेरी बंधांची ओळ तुटते आणि वीज न वाहणारा गाळ हातात येतो. शेवटी आयन-विनिमय रेझिनने सोडियम आणि सल्फेट काढून टाका, नाहीतर सुकलेल्या फिल्मवर मिठाचे स्फटिक उगवतात. ईडॉट विषारी आहे आणि परसल्फेट तीव्र ऑक्सिडीकारक. हे काम हातमोजे, चष्मा आणि धूर ओढणारं कपाट असल्याशिवाय करू नये.

बिघडतं ते बहुधा शुद्धतेपायी. गिरणीतल्या लिग्नोसल्फोनेटमध्ये साखर आणि राख असते, साखळ्यांची लांबी वाट्टेल तशी असते, आणि दर खेपेला वाहकता वेगळी येते. डायलिसिसच्या (अर्धपारगम्य पडद्याच्या) पिशवीत घालून दोन-तीन दिवस पाणी बदलत ठेवलं की पुष्कळ फरक पडतो. रंग तपकिरी राहतो, त्यामुळे पारदर्शक इलेक्ट्रोडसाठी ते बाद. पण लिग्निनमधले फिनॉल गट इलेक्ट्रॉन घेऊ-देऊ शकतात, म्हणजे हा पदार्थ वीज साठवूही शकतो. लिग्निनापासून मिळणारे पदार्थ आणि पॉलिपायरोल हे वाहक पॉलिमर यांच्या मिश्रणाने हे २०१२ मध्ये दाखवून दिलं. आमच्या मते लिग्निनचं खरं भवितव्य साठवणुकीत आहे, पारदर्शक फिल्मच्या शर्यतीत नाही.

प्रश्न : निळीचा ट्रान्झिस्टर होतो म्हणतात. घरी निळीचं द्रावण करून फासलं तर?

होतो. ऑस्ट्रियातल्या लिंत्स इथल्या गटाने २०१२ मध्ये केला, आणि त्यात निळीने ऋण आणि धन दोन्ही प्रकारचे भार वाहिले. पण निळीचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ते सहसा कशात विरघळतच नाहीत. तिथे थर निर्वातात वाफ करून बसवला होता. रंगाऱ्यांची युक्ती, म्हणजे क्षपण करून विरघळवायचं आणि हवेत पुन्हा निळं करायचं, इथे वापरली तर विलग कण बसतात, सलग थर होत नाही. शिवाय क्षार उरतात.

प्रश्न : अर्धवाहक पॉलिमर विरघळवायला क्लोरोबेंझीनऐवजी वनस्पतिजन्य द्रावक चालतील का?

काही पॉलिमरांना चालतात. मक्याच्या कणसांच्या बुरकुंड्यांपासून किंवा उसाच्या चिपाडापासून फरफ्युराल मिळतं, आणि त्यापासून २-मिथाइलटेट्राहायड्रोफ्युरान. त्याचा उत्कलनबिंदू ८० अंश. ते इतक्या लवकर उडतं की थर खडबडीत होतो. म्हणून सावकाश उडणारा जोडीदार लागतो, जसं संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, १७६ अंशांचं. ५ ते १० टक्क्यांपासून सुरुवात करा. पॉलिमर गाळ होऊन खाली बसू लागला की प्रमाण ओलांडलं समजा. हे दोन्ही द्रावक हवेत ठेवले की पेरॉक्साइड धरतात, आणि पेरॉक्साइड अर्धवाहकाचं नुकसान करतात. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा.

प्रश्न : ओलाव्यापासून वाचवायला वनस्पतिजन्य आवरण पुरेसं आहे का?

कशासाठी, यावर अवलंबून. प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय डायोडला चौरस मीटरला दिवसाकाठी ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाइतकीच वाफ सोसते. तिथे कुठलंही मेण, पीएलए किंवा सेल्युलोज एकटं पुरणार नाही, ॲल्युमिना किंवा काच यांचा थर लागतोच. सुकं नॅनोसेल्युलोज ऑक्सिजनला छान अडवतं, पण भिजलं की तो गुण गमावतं, म्हणून ते आतल्या बाजूला ठेवायचं.

साधे इलेक्ट्रोड आणि संवेदक यांना कार्नाउबा मेण पुरतं. ते ताडाच्या एका जातीच्या पानांवरून मिळतं आणि ८२ ते ८६ अंशांना वितळतं. ९० अंशांना तापवून फिल्म त्यात एकदा बुडवायची आणि उभी धरून निथळू द्यायची. जाड थर वाकवताना तडकतो आणि पाणी नेमकं त्या चिरेतून शिरतं, म्हणून दुसऱ्यांदा बुडवू नका.

प्रश्न : असं उपकरण वापरून झाल्यावर कंपोस्टमध्ये टाकलं तर चालेल?

नाही. झाडापासून बनलेलं आणि मातीत विरणारं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उसापासून बनवलेलं पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) हे रचनेने पीईटीच असतं, ते विरत नाही. पीएलएला साधारण ५८ अंशांचं औद्योगिक कंपोस्ट लागतं, घरच्या कुंडीत ते बराच काळ तसंच पडून राहतं. सेल्युलोजचा आधार विरेल, पण पेडॉटचा थर आणि चांदीच्या तारा मातीत राहतील.

आधार आणि वाहक थर वेगळे करता येतात, हा सेल्युलोजचा मोठा फायदा आहे. मेण असेल तर आधी गरम पाण्यात वितळवून पाण्यावरून काढून घ्या. मग फिल्मचे तुकडे रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि मिक्सरमध्ये फिरवा. सेल्युलोजचा लगदा होतो, चांदीचे जड कण तळाशी बसतात, ते निथळून वेगळे ठेवता येतात. फिल्म करताना साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे आडवे बंध घालणारा सिलेनसारखा पदार्थ वापरला असेल तर वाहक थर पाण्यात न विरघळता कपच्यांच्या रूपात तरंगतो आणि चाळणीने उचलता येतो. वापरला नसेल तर तो पाण्यात पसरून निळा रंग देतो. ते पाणी ओतून न देता सुकवायचं आणि उरलेली पावडर रासायनिक कचऱ्यात जमा करायची.